सदोष भाग आणि सरकारी आदेश

नवी दिल्लीच्या दक्षिण भागात सरोजिनी नगर नावाची वसाहत आहे. स्वातंत्र्योत्तर काळात सरकारी कर्मचाऱ्यांसाठी वसविण्यात आलेल्या या वसाहतीचे नाव सर्वतोमुखी झाले ते तेथील बाजारपेठेमुळे. परदेशी पाठविण्यासाठी शिवलेले, परंतु एखादा टाका चुकल्यामुळे, रंगात किंचित फरक पडल्यामुळे किंवा मागणीपेक्षा अधिक झाल्यामुळे मागे राहिलेले कपडे या बाजारात स्वस्तात विकले जातात. गिऱ्हाईक सदरा उलटसुलट करून पाहते, दोष कोठे आहे ते हेरते, थोडी घासाघीस करते आणि दोषासह तो सदरा घरी नेते. या व्यवहारात कोणाचेही नुकसान होत नाही. दोष डोळ्यांना दिसतो आणि तो पत्करावयाचा की नाही हे वापरणाऱ्यानेच ठरवावयाचे असते.

या बाजाराच्या ईशान्येला, फार दूर नव्हे, सफदरजंग विमानतळ आहे. १९२९ साली विलिंग्डन विमानतळ या नावाने तो सुरू झाला. पुढे दिल्लीची प्रवासी विमाने पालमला उतरू लागली आणि या जुन्या धावपट्टीवरील गजबज ओसरली. तथापि विमान वाहतुकीशी या परिसराचे नाते तुटलेले नाही. विमानतळासमोर, श्री अरविंद मार्गावर, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे मुख्य कार्यालय आहे. सदोष वस्तूविषयी या कार्यालयाचा नियम शेजारच्या बाजाराच्या अगदी उलट आहे. विमानातून जाणाऱ्या प्रवाशाला एंजिनातील पाते दिसत नाही, शेपटीतील खिळा दिसत नाही. त्यांतील दोष पत्करण्याचा वा नाकारण्याचा अधिकार त्याला बजावताच येत नाही. म्हणून तो अधिकार त्याच्या वतीने शासनाने बजवावयाचा असतो. शासन तो कसा बजावते, आणि त्यात कसूर झाली तर काय घडते, हे समजून घेण्यासारखे आहे.

नियमांचा पाया

भारतात या कामाचा पाया १९३४ चा विमान कायदा आणि त्याखालील १९३७ चे विमान नियम यांनी घातला. २०२० च्या दुरुस्तीने महासंचालनालयाला वैधानिक दर्जा मिळाला, आणि १ जानेवारी २०२५ पासून जुन्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली. कायद्यात तत्त्वे असतात. तपशील असतो तो महासंचालनालय प्रसिद्ध करीत असलेल्या ‘नागरी विमान वाहतूक आवश्यकता’ या नियमावलीत. विमानाची देखभाल कोणी करावी, दोषाची नोंद कशी करावी, बदली भाग कोठून घ्यावा, काम संपल्यावर सही कोणी करावी, या सर्व गोष्टी तीत सांगितलेल्या आहेत.

या नियमांच्या मुळाशी एक साधी कल्पना आहे. प्रत्येक विमानाला उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र दिलेले असते. हे प्रमाणपत्र विमान नवे असताना एकदा मिळविले की काम संपले, असे मात्र नाही. ज्या नमुन्यानुसार विमानाला मान्यता मिळाली त्या नमुन्याशी ते प्रत्येक उड्डाणाच्या वेळी जुळत असले पाहिजे. एक भाग जरी त्या नमुन्याबाहेरचा असला, तरी प्रमाणपत्राचा आधारच ढासळतो.

भागाचे आयुष्य आणि त्याची वंशावळ

विमानाचे भाग स्थूलमानाने दोन प्रकारचे असतात. काही भाग तपासणीत चांगले आढळतात तोवर वापरता येतात. काही भागांचे आयुष्य मात्र आधीच ठरवून दिलेले असते. एंजिनात पाती ज्या चकत्यांवर बसविलेली असतात त्या चकत्या, किंवा चाकांच्या सांगाड्याचे काही भाग, हे या दुसऱ्या प्रकारात मोडतात. प्रत्येक उड्डाणात एंजिन तापते आणि निवते, चकतीवर ताण पडतो आणि उतरतो. धातूला यामुळे शिणवटा येतो. हा शिणवटा वरून दिसत नाही. तारेचा तुकडा पुन्हापुन्हा वाकविला असता तो शेवटच्या क्षणापर्यंत अखंड दिसतो आणि मग एकदम तुटतो, तसेच येथे होते. म्हणून अशा भागाची उड्डाणे मोजली जातात आणि ठरलेली संख्या भरताच, तो कितीही धडधाकट दिसत असला तरी, काढून टाकावा लागतो.

भागाने किती उड्डाणे केली हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. ते कागदावरूनच कळते. त्यामुळे विमानाच्या भागाला त्याच्या कागदपत्रांवाचून काहीच किंमत नसते. कारखान्यातून बाहेर पडल्यापासून तो कोणत्या विमानावर बसला, केव्हा काढला गेला, कोणी दुरुस्त केला, याची अखंड वंशावळ त्याच्यासोबत असावी लागते. नवीन किंवा दुरुस्त केलेला भाग वापरण्यास योग्य असल्याचा दाखला मान्यताप्राप्त संस्थेने द्यावयाचा असतो. भारतात त्यासाठी ‘सी.ए. फॉर्म १’ नावाचा नमुना ठरलेला असून अमेरिकेत व युरोपातही असेच नमुने प्रचलित आहेत. हा दाखला नसेल तर भांडारातील चकाकणारा नवा भागही विमानावर चढविता येत नाही.

याच नियमाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ज्या भागाचे आयुष्य संपले किंवा ज्याचा दोष दुरुस्त होण्याजोगा नाही, तो पुन्हा पुरवठ्याच्या साखळीत शिरता कामा नये. म्हणून असा भाग वेगळा ठेवून नष्ट करण्याची किंवा पुन्हा वापरताच येणार नाही इतका मोडून टाकण्याची प्रथा आहे. शेजारच्या बाजारात नाकारलेल्या मालाला दुसरे गिऱ्हाईक मिळते. येथे ते मिळू द्यावयाचे नसते.

ही कडक दक्षता अनाठायी नाही. ८ सप्टेंबर १९८९ रोजी ओस्लोहून हॅम्बुर्गला निघालेले पार्टनेअर या नॉर्वेच्या कंपनीचे विमान समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व ५५ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत असे दिसून आले की, शेपटीचा उभा पंख ज्या खिळ्यांनी जोडलेला होता त्यांत मान्यता नसलेले, कमी ताकदीचे बनावट खिळे वापरले गेले होते. खिळा जागेवर नीट बसला होता आणि दिसावयासही तो खऱ्यासारखाच होता. अलीकडे, २०२३ मध्ये, ब्रिटनमधील एका छोट्या व्यापारी कंपनीने खोट्या दाखल्यांनिशी एंजिनांचे भाग विकल्याचे उघडकीस आले, तेव्हा अनेक देशांतील विमान कंपन्यांना आपली एंजिने उघडून ते भाग शोधावे लागले. भाग कदाचित चांगलेही असतील. पण ते चांगले आहेत हे सिद्ध करण्याचा मार्गच उरला नव्हता.

दोष आढळला असता

उड्डाणाच्या वेळी एखादी गोष्ट नीट चालत नसल्याचे आढळले, तर वैमानिकाने विमानाच्या नोंदवहीत ती लिहावयाची असते. एकदा लिहिली की ती पुसता येत नाही. परवानाधारक देखभाल अभियंत्याने दोष दूर करून सही केल्याखेरीज विमान पुढील उड्डाणासाठी मोकळे होत नाही. ही सही म्हणजे व्यक्तिगत जबाबदारीचा स्वीकार होय. कंपनीचा व्यवस्थापक घाईत असला तरी अभियंत्याच्या सहीची जागा त्याच्या हुकमाने भरून निघत नाही.

मात्र प्रत्येक दोषासाठी विमान जमिनीवर अडकवून ठेवावे, असे नियम म्हणत नाहीत. विमानात अनेक यंत्रणा दुहेरी किंवा तिहेरी असतात. कोणते उपकरण बंद असताना, कोणत्या अटींवर आणि किती दिवस उड्डाण करता येईल, याची ‘किमान उपकरण सूची’ प्रत्येक कंपनीने तयार करून ती महासंचालनालयाकडून मंजूर करून घ्यावयाची असते. या सूचीत दोषांचे चार वर्ग केलेले असतात. पहिल्या वर्गातील दोषाची मुदत सूचीतच त्या त्या ठिकाणी दिलेली असते. दुसऱ्या वर्गातील दोष ३ दिवसांत, तिसऱ्यातील १० दिवसांत आणि चौथ्यातील १२० दिवसांत दूर करावा लागतो. दोष आढळला तो दिवस यात धरीत नाहीत. बदली भाग मिळाला नाही, ही सबब मुदत संपल्यावर चालत नाही. विमान उभे ठेवावे लागते.

या रचनेत शहाणपण आहे. सर्वच दोषांना सारखे लेखले असते, तर दोष नोंदविण्याकडेच माणसांचा कल राहिला नसता. दोषाला मुदत देऊन नियमाने त्याला कागदावर येण्यास वाट करून दिली आणि त्याच वेळी त्याला विसरता येणार नाही अशी तजवीज केली.

सल्ला आणि आदेश

आतापर्यंत पाहिला तो एका विमानातील दोष. परंतु विमाने एकाच नमुन्यावर शेकड्यांनी बनतात. एकातील भाग जर घडणीतील उणिवेमुळे मोडला असेल, तर तो इतरांतही मोडणारच. अशा वेळी ज्या देशात विमान किंवा एंजिन घडविले गेले तेथील शासनाने ही माहिती सर्व देशांना कळवावी आणि ज्या देशात विमान नोंदलेले आहे तेथील शासनाने त्यावर कारवाई करावी, अशी व्यवस्था १९४४ च्या शिकागो करारातून उभी राहिलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत केलेली आहे.

ही माहिती दोन रूपांत येते. एक म्हणजे कारखानदाराचे सेवापत्रक किंवा शासनाचे माहितीपत्रक. त्यात अमुक भाग तपासावा, तमुक भाग बदलावा, अशी शिफारस असते. दुसरे रूप म्हणजे उड्डाणयोग्यता निर्देश. हा शासनाचा आदेश असतो. त्यात सांगितलेले काम सांगितलेल्या मुदतीत झाले नाही, तर विमान उड्डाणास अयोग्य ठरते. दोन्ही कागदांत तांत्रिक मजकूर कित्येकदा सारखाच असतो. फरक असतो तो बंधनाचा. आणि या एका फरकावर माणसांचे जीव अवलंबून राहिल्याची उदाहरणे आहेत.

१२ जून १९७२ रोजी अमेरिकन एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाचा मागील मालकक्षाचा दरवाजा कॅनडातील विंडसर शहरावर आकाशात निखळला. कक्षातील हवेचा दाब एकदम उतरल्याने वरच्या प्रवासी कक्षाची जमीन खचली आणि तिच्याखालून जाणाऱ्या नियंत्रक तारांना इजा झाली. वैमानिकाने कौशल्याने विमान उतरविले आणि सर्व जण वाचले. दोष उघड झाला होता. दरवाज्याची कडी नीट लागली नसतानाही ती लागल्यासारखी दिसे. परंतु अमेरिकन शासनाने त्यावर बंधनकारक निर्देश काढला नाही. शासनाचे प्रमुख आणि कारखानदार यांच्यात तोंडी समझोता होऊन सेवापत्रकावर भागविण्यात आले. ३ मार्च १९७४ रोजी तुर्की एअरलाइन्सचे डीसी-१० पॅरिसजवळ त्याच दरवाज्यामुळे कोसळले आणि ३४६ माणसे ठार झाली. दरवाज्यातील सुधारणा केल्याचे शिक्के त्या विमानाच्या कारखान्यातील कागदांवर होते. प्रत्यक्षात एक आवश्यक आधारपट्टी बसविलेलीच नव्हती. सल्ल्यावर भिस्त ठेवली असता आणि कागद खोटा असता काय होते, या दोन्ही गोष्टींचे हे एकच उदाहरण होय.

भारतातील एक प्रकरण

महासंचालनालयाच्या आदेशशक्तीची कसोटी २०१८ ते २०२० या काळात लागली. एअरबस ए३२० निओ ही नवी विमाने इंडिगो आणि गोएअर या कंपन्यांनी घेतली होती. त्यांवरील प्रॅट अँड व्हिटनी या अमेरिकन कंपनीची एंजिने इंधन कमी खात. पण त्यांतील काही भाग अपेक्षेपूर्वीच निकामी होऊ लागले. फेब्रुवारी २०१८ मध्ये युरोपीय विमान सुरक्षा संस्थेने तातडीचा निर्देश काढला. दोन्ही एंजिने सदोष मालिकेतील असतील अशी विमाने थांबवावी, असा त्याचा रोख होता. ज्यांचे एकच एंजिन त्या मालिकेतील होते ती विमाने उडत राहिली. १२ मार्च २०१८ रोजी अहमदाबादहून लखनौला निघालेल्या अशाच एका विमानाचे एंजिन बंद पडून ते परत फिरले. त्याच दिवशी महासंचालनालयाने एक एंजिन सदोष असलेली ११ विमानेही जमिनीवर ठेवण्याचा आदेश दिला. त्यांपैकी ८ इंडिगोची आणि ३ गोएअरची होती. एंजिन ज्या देशांत घडले वा मान्य झाले तेथील शासनाने सांगितले त्याहून अधिक कठोर पाऊल नोंदणीच्या देशाचे शासन उचलू शकते, हे यातून स्पष्ट झाले.

ऑक्टोबर २०१९ मध्ये याच एंजिनांत निराळा दोष पुढे आला. कमी दाबाच्या टर्बाइनमधील तिसऱ्या रांगेची पाती मोडून एंजिने हवेत बंद पडू लागली. सुधारित पाती तयार झालेली होती. प्रश्न ती बसविण्याच्या वेगाचा होता. महासंचालनालयाने प्रथम अधिक वापर झालेल्या १६ विमानांपुरता आदेश काढून प्रत्येकाचे किमान एक एंजिन सुधारित असावे, असे फर्मावले. यामागचा विचार साधा होता. दोन एंजिनांचे विमान एका एंजिनावर सुरक्षित उतरू शकते. खरे भय असते ते एकाच उड्डाणात दोन्ही बंद पडण्याचे. आणि दोन्हींत एकाच प्रकारचा दोष असेल तर ते भय वाढते. एक एंजिन सुधारित असले की ते पुष्कळ कमी होते. १ नोव्हेंबर २०१९ रोजी आदेशाची व्याप्ती वाढवून इंडिगोच्या ९७ विमानांवरील सर्व जुनी एंजिने ३१ जानेवारी २०२० पर्यंत बदलण्यास सांगण्यात आले. त्याच महिन्यात आणखी एक अट आली : नवे विमान ताफ्यात येताच न सुधारलेल्या एंजिनांचे एक जुने विमान उभे करावे.

पुढे ही मुदत प्रथम ३१ मे २०२० पर्यंत आणि कोविडच्या साथीत ३१ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. आदेश काढणे आणि तो अमलात येणे यांच्या मध्ये कारखान्यांची क्षमता, सुट्या भागांचा साठा आणि अभियंत्यांचे हात उभे असतात, ही गोष्ट नियम करणाऱ्यांनाही मान्य करावी लागली. मात्र मुदत वाढविण्याचा निर्णय कंपनीने नव्हे, शासनाने घेतला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

२०२५ सालाने शिकविलेले

सल्ला आणि आदेश यांतील अंतराचा प्रश्न १२ जून २०२५ नंतर भारतात पुन्हा उभा राहिला. त्या दिवशी एअर इंडियाचे बोइंग ७८७ विमान अहमदाबादहून लंडनला निघताच कोसळले. विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९ असे २६० जण मृत्यू पावले. १२ जुलै रोजी प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक चौकशी अहवालाने अपघाताच्या कारणाचा निर्णय दिला नाही. मात्र दोन्ही एंजिनांच्या इंधननियंत्रक खटक्यांची स्थिती उड्डाणानंतर लगेच ‘चालू’वरून ‘बंद’वर गेल्याची नोंद त्यात होती. आणखी एक गोष्ट त्या अहवालाने सांगितली. अमेरिकन शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये एक माहितीपत्रक काढले होते. काही बोइंग विमानांत या खटक्यांची अडकण निसटलेल्या स्थितीत बसविली गेल्याचे आढळले असून तिची तपासणी करावी, अशी शिफारस त्यात होती. शिफारस बंधनकारक नसल्यामुळे ही तपासणी केली गेली नव्हती. कंपनीने कोणताही आदेश मोडला नव्हता, कारण आदेश नव्हताच. तसेच खटक्याच्या दोषामुळे अपघात झाला, असेही अहवालाने म्हटलेले नव्हते.

१४ जुलै २०२५ रोजी महासंचालनालयाने ही तपासणी २१ जुलैपर्यंत पूर्ण करण्याचा आदेश काढला. साडेसहा वर्षे शिफारस म्हणून पडून राहिलेले काम आदेश होताच एका आठवड्याचे झाले. एअर इंडियाने तपासणी पूर्ण करून दोष आढळला नसल्याचे कळविले. दोष नसल्याचे कळणे हेही ज्ञानच असते. आणि ते अपघातापूर्वी कळलेले अधिक बरे.

त्याच वर्षाच्या अखेरीस या यंत्रणेची दुसरी बाजू दिसून आली. ३० ऑक्टोबर रोजी अमेरिकेत एका ए३२० विमानाचे नाक वैमानिकाने काही न करता एकाएकी खाली गेले आणि काही प्रवासी जखमी झाले. नियंत्रक संगणकातील माहिती तीव्र सौर प्रारणाने बिघडू शकते, असे कारखानदाराच्या लक्षात आले. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी युरोपीय संस्थेने तातडीचा निर्देश काढला आणि महासंचालनालयाने तो लगेच भारतात लागू केला. देशातील ३३८ विमानांना तो लागू होत होता. बहुतेकांत संगणकाची आज्ञावली बदलणे पुरेसे होते. हाताला न लागणारी आज्ञावलीही आता विमानाचा एक भागच ठरली आहे, आणि तीही सदोष असू शकते. हे काम जवळजवळ रातोरात उरकण्यात आले. उड्डाणांना विलंब झाला, प्रवासी त्रासले. पण दोषाची बातमी आणि त्यावरील उपाय यांच्यात वर्षांचे नव्हे, तर तासांचे अंतर पडले.

नियमांची किंमत

अशा आदेशांचा खर्च मोठा असतो. विमान उभे राहिले की उत्पन्न थांबते. एंजिन काढावयाचे तर त्याच्या जागी दुसरे हवे. म्हणून प्रत्येक शिफारशीचा आदेश करणे हेही शहाणपणाचे नाही. तसे केल्यास खरोखर महत्त्वाचे काम क्षुल्लक कामांच्या गर्दीत हरवून जाईल. कोणती सूचना सल्ला म्हणून सोडावयाची आणि कोणती आदेश म्हणून बजावावयाची, याचा विवेक करणे हेच नियामकाचे सर्वांत अवघड काम होय. त्यासाठी त्याच्याजवळ जाणकार अभियंते पुरेशा संख्येने असावे लागतात, देशोदेशींच्या नोंदी वाचण्यास त्यांना वेळ असावा लागतो, आणि कंपन्यांच्या सोयीपेक्षा प्रवाशाची सुरक्षितता वरचढ मानण्याचे धैर्य असावे लागते.

प्रवासी तिकीट काढतो तेव्हा वेळ आणि भाडे पाहतो. एंजिनातील पात्याची वंशावळ तो पाहत नाही. ती त्याने पाहावी अशी अपेक्षाही नाही. त्याच्या वतीने कोणीतरी ती पाहिली आहे, या विश्वासावर तो जिना चढतो. नोंदवहीतील ओळ, परवानाधारक अभियंत्याची सही आणि महासंचालनालयाचा आदेश यांवर तो विश्वास उभा असतो. यांतील एकही खोटे किंवा उशिरा असून चालत नाही.